गाव नसलेला आवाज

"क्षमा करा, मला समजलं नाही," जर्लीन म्हणाली.

"पुन्हा एकदा," काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक म्हणाला. "जरा माया घाला त्यात."

जर्लीननं माया घातली. "क्षमा करा, मला समजलं नाही."

"आता जास्त झाली. आई बोलल्यासारखं वाटतंय. आई नको. नर्स हवी. चांगल्या इस्पितळातली, नुकतीच ड्युटीवर आलेली."

जर्लीन पाण्याचा घोट घेऊन ताठ बसली आणि नुकत्याच ड्युटीवर आलेल्या नर्सच्या आवाजात, आपल्याला समजलं नाही, असं तिनं पुन्हा एकदा कबूल केलं. काचेपलीकडे अंगठे वर झाले. त्यांत एक अंगठा कंपनीचे उपाध्यक्ष किप लंडग्रेन यांचा होता. एवढ्या मोठ्या माणसाचा अंगठा सहसा इतक्या खालच्या मजल्यावर येत नसे.

बाहेर आल्यावर किपनं तिचा हात हातात घेतला.

"लीन, तुझ्या आवाजाची गंमत काय आहे सांगू? त्याला गावच नाही. कुठून आलाय, पत्ताच लागत नाही."

"थँक यू," जर्लीन म्हणाली. त्याच आवाजात.

किप मनानं वाईट नव्हता. वाईट असता तर जर्लीनची बरीच सोय झाली असती.

शार्लटमधल्या या विमा कंपनीनं फोनवरची माणसं काढून तिथं यंत्र बसवायचं ठरवलं होतं. यंत्राला आवाज कुणाचा द्यायचा यावर ग्राहकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वांत विश्वासू आवाज म्हणून जर्लीन चिझमचा पहिला नंबर आला. जर्लीन तोवर विभागप्रमुख झाली होती आणि फोनवर बसायचं सोडून बरीच वर्षं लोटली होती. पण आवाज फोनवरच घडला होता. समुद्रकिनाऱ्यालगतच्या आपल्या बेटावरून नवी नवी आली तेव्हा ओहायोचा एक म्हातारा ग्राहक तिचं दोन मिनिटं ऐकून अतिशय सभ्यपणे म्हणाला होता, "बाळ, तिथं कुणी मोठं माणूस आहे का?" त्या संध्याकाळपासून जर्लीन टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बायकांच्या मागोमाग बोलू लागली. त्या बायकांना गाव नसतं. सगळ्याच गावांची हवा सांगायची म्हटल्यावर स्वतःचं गाव ठेवून कसं चालेल? गाडीत, न्हाणीघरात, दातांत ब्रश धरून तिनं सराव केला, आणि एक दिवस कुणी मोठं माणूस मागेनासं झालं.

नावही असंच आटोपशीर झालं. ऑफिसात ती लीन. बेटावर मात्र प्रत्येक पोराला दाखल्यावरच्या नावाशिवाय एक पाळण्यातलं नाव असतं, आणि तेच खरं समजतात. जर्लीन उशिरा चालायला लागली म्हणून तिचं नाव कूटा, म्हणजे कासव. ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. पगाराच्या चिठ्ठीवर कासवासाठी रकाना नसतो.

यंत्र सुरू झालं. अडीच महिन्यांनंतरच्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, तिच्या आईचा बेटावरून फोन आला. आईला अख्खं बेट मिस ओथेलिया म्हणे; तिथं लग्न झालेल्या वडीलधाऱ्या बाईलाही मिसच म्हणतात.

"कूटा, तुमच्या हापिसात ती नवी बया कोण ठिवलीया?"

"कुठली बया, आये?" जर्लीन भेंडी चिरत होती. आईशी बोलताना तिचा जबडा आपोआप सैल होई, जसे घरी आल्यावर पायांतले बूट निघतात.

"फोनवरली गं. गोड बोलती, पर ठार बहिरी. मला इचारती, व्हय का न्हाई ते सांगा. मी म्हनते, व्हय. ती म्हनती, मला समजलं न्हाई. आता व्हय म्हंजे व्हय! त्यात समजायचं काय हाय?"

सुरी थांबली.

"मग?"

"मग काय? म्या म्हटलं, बाई, दमली असशील तर मागनं करते फोन. तर म्हनती, मला समजलं न्हाई. म्हटलं, जेवलीस का? तर त्येबी समजलं न्हाई. आईबापानं काय शिकिवलंच न्हाई बिचारीला."

"ते मशीन हाय, आये."

"मशीन? मधीच श्वास घेती की! कुनाची तरी लेक हाय ती."

जर्लीननं चिरलेल्या भेंड्या उगीचच एका रांगेत लावल्या. "पर तू फोन कशापायी केलावतास?"

"डोळ्याचं. वरसातनं एकदा फोन करून व्हय म्हनावं लागतं म्हनं, सुया चालू ठिवा म्हनून. त्या बयेनं व्हय ऐकल्याबिगर डाक्तर सुई टोचत न्हाई."

"म्हंजे सुई घेतली न्हाईस तू?"

"दोन चुकल्या."

"दोन? आये, दिसतंय का तुला?"

"उजव्यानं दिसतंय की. डाव्यानं जरा धुरकाट. ते जाऊ दे. मिस कोराचा जावई परत आलाय बग, आन् त्योबी नवी मोटार घिऊन..."

जावयाचं सगळं ऐकून घेऊन जर्लीननं फोन ठेवला. मिस ओथेलियाच्या डोळ्यात महिन्याला एक इंजेक्शन जाई, तोवर नजर टिकून राही. डॉक्टरनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की थांबलं तर जेवढी जाईल तेवढी जाईल, मग मागे आणता येणार नाही. हा विमा आईला कुणी घ्यायला लावला होता, हे जर्लीनला कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

सोमवारी सकाळी तिनं बेटाजवळच्या ब्यूफर्टच्या दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, आमच्या हातात काही नाही, संमती तुमच्याच कंपनीला द्यायची असते, आणि ती पेशंटच्याच आवाजात. मग जर्लीन किपच्या खोलीत गेली.

"तुझी आई!" किप कळवळला. "अरेरे. आई म्हणजे आई. मग त्यांनी असं का करू नये? शून्य दाबायचं. शून्य दाबलं की माणूस येतो."

जर्लीननं नकारार्थी मान हलवली.

"शून्य आपण काढलं, नाही का?" किप म्हणाला.

"काढलं."

"लोक फार दाबायला लागले होते."

"मी आईची फाईल उघडून इथूनच मंजुरी दिली तर?"

"नको, नको, लीन. नातेवाइकाच्या फायलीला हात लावला किंवा त्याच्या नावानं फोन केला, की नोकरी गेली. मलासुद्धा वाचवता येणार नाही. नियम मीच लिहिलाय." त्यानं संगणकाकडे तोंड वळवलं आणि पडद्यावरची यादी थोडा वेळ खालीवर सरकवली. "त्या बेटावर आपले ग्राहक तसे मूठभरच दिसतात. म्हणजे यंत्राची चूक सहन होण्याइतकी आहे."

"कुणाला सहन होण्याइतकी?"

हा प्रश्न जर्लीनच्या छातीतून निघाला तेव्हा चांगला तापलेला होता. पण तोंडापर्यंत येईतो तो नेहमीच्या आवाजात शिरला आणि माहिती दिल्याबद्दल आभार मानल्यासारखा बाहेर पडला. किपनं तो तसाच स्वीकारला.

"तू हे माझ्यापाशी आणलंस याचं मला फार मोल आहे," तो म्हणाला. "आपण एक समिती नेमू. ऐकण्याची समिती. अध्यक्ष तूच. पहिली बैठक उन्हाळ्यानंतर."

अशा रीतीनं आईच्या डोळ्याचं काम करायला गेलेली जर्लीन बढती घेऊन बाहेर आली.

दुपारी लिफ्टमध्ये डेझमंड पेटिवे होता. यंत्राला ऐकायला शिकवणाऱ्या खात्यात तो काम करी. विसाव्या मजल्यावर जर्लीन आणि डेझमंड मिळून दोनच काळी माणसं होती. लोकांसमोर दोघं हनुवटी किंचित हलवून एकमेकांची दखल घेत आणि पुढे जात. दार मिटून लिफ्ट खाली निघाली की मग दोघांचे खांदे उतरत.

"काय गं बेटवाले, तोंड का उतरलंय? अध्यक्ष केलं म्हणे तुला."

"डेझमंड, तुझं मशीन आमच्या आयेचं व्हय ऐकत न्हाई."

"तुझी बेटावरची बोली मला निम्मी कळत नाही, मी डेट्रॉइटचा काळा असून. मशीन बिचारं तर कालचं पोर."

"चेष्टा नको. तिचा डोळा चाललाय."

डेझमंडचं हसू गेलं. दारावरचे मजल्यांचे आकडे उतरत होते, तो ते वाचत राहिला.

"त्याला ज्यांचे आवाज ऐकवले, त्यांचंच ते ऐकतं," तो म्हणाला.

"मग आपल्या बायकांचे ऐकवायचे व्हते."

"ऐकवलेत की. दक्षिणेतल्या काळ्या बायका, असा वेगळा कप्पाच आहे. भरपूर माल आहे त्यात. त्याबद्दल कंपनीला बक्षीससुद्धा मिळालं."

"कुनाचे आवाज हायेत त्यात?"

डेझमंडनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आकड्यांकडे.

"फोनवर होतीस तेव्हाचं तुझं सगळं रेकॉर्डिंग पडून होतं ना गं," तो म्हणाला. "वर्षानुवर्षांचं. म्हटलं, आयतं आहे."

"आन् दुसऱ्या कुनाचं?"

तळमजला आला. दार उघडलं. बाहेर चार माणसं उभी होती.

"तुमचा दिवस चांगला जावो, लीन," डेझमंड म्हणाला.

"तुमचाही," जर्लीन म्हणाली.

आठवडाभर तिनं माहीत असलेल्या सगळ्या खात्यांत विचारून पाहिलं. प्रत्येकानं सहानुभूती दाखवली आणि दुसऱ्या खात्याचं नाव सांगितलं. शनिवारी ती गाडी काढून निघाली आणि पूल ओलांडून बेटावर पोचली तेव्हा दुपार व्हायला आली होती.

मिस ओथेलिया ओसरीवर बसून टोपली विणत होती. गवताची जुडी मांडीवर, हातात चमच्याच्या दांड्याचं टोक घासून केलेलं हत्यार. पन्नासेक वर्षं तिच्या टोपल्या महामार्गाकडेला टांगून विकल्या जात, आणि त्यांत पाणी ओतलं तरी गळत नाही अशी ख्याती होती. ही टोपली एका बाजूला कलली होती. काठ डावीकडे खाली उतरत गेला होता, टोपीची कड वाकवावी तसा.

"बगतीस काय?" मिस ओथेलिया म्हणाली. "गिऱ्हाइकाला सांगते, नवी फ्याशन हाय. धा डालर जास्त देत्यात येडे."

तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला. बोटं भुवयांवरून फिरली, गालांवरून फिरली.

"वाळलीस," ती म्हणाली. "हापिसात पाला खातीस अजून?"

"आये, आदी फोन करू."

"जेव तर खरं."

"आदी फोन."

जर्लीननं फोन लावून मधल्या स्टुलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. घंटी वाजली नाही. एकदम तीच बोलू लागली.

"नमस्कार! आपल्याशी बोलताना आम्हाला आनंद होत आहे."

"मला न्हाई होत," मिस ओथेलिया म्हणाली. "बग, आली बया. भुतं येऊ नयेत म्हनून दाराखिडक्यांना निळा रंग दिला, तर ही फोनातनं येती."

स्वतःचा आवाज आईच्या ओसरीवर असा मोकळा फिरताना जर्लीननं कधी ऐकला नव्हता. तिला उठून त्याला काहीतरी पांघरूण घालावंसं वाटलं.

"आपले डोळ्यांचे उपचार पुढे सुरू ठेवायचे आहेत का? कृपया 'होय' किंवा 'नाही' असं म्हणा."

"व्हय."

"क्षमा करा, मला समजलं नाही. कृपया 'होय' किंवा 'नाही' असं म्हणा."

"आये," जर्लीन कुजबुजली, "ओठ गोल कर. हो. मग य. हो-य."

"व्हो-य," मिस ओथेलिया म्हणाली.

"क्षमा करा, मला समजलं नाही."

"हिच्या मायला हिच्या!" मिस ओथेलिया कडाडली. जर्लीननं मान खाली घातली. "अगं, पाद्र्यानं इचारलं, ह्या मानसाशी लगीन लावतीस का, तवा म्या व्हयच म्हटलं व्हतं! ते लागलं की! तुजा बा मरोस्तवर लागू व्हतं! आन् ह्या टवळीला माजं व्हय चालंना?"

"क्षमा करा, मला समजलं नाही."

"व्हय!" जर्लीन ओरडली. आपल्याच गळ्यानं, कूटाच्या गळ्यानं. पोरपणी खाडीच्या पलीकडून हाक आली की याच गळ्यानं ती ओ देई. "व्हय, व्हय, व्हय!"

"क्षमा करा," जर्लीन फोनमधून म्हणाली, "मला समजलं नाही." माया बरोबर बेतानं घातलेली होती.

खाडीवरून वारा आला आणि मांडीवरच्या गवताच्या काड्या हलल्या. मिस ओथेलिया थकून मागे टेकली. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. तिनं ते मनगटानं पुसलं आणि उजव्या डोळ्यानं लेकीकडे पाहत राहिली. तिच्या पाहण्यात आशा होती असं नाही. पोरगी ऑफिसात मोठी आहे, आता काहीतरी करील, एवढंच होतं.

जर्लीन खुर्चीत ताठ बसली. खांदे मागे गेले. तिनं फोन हातात घेतला.

"होय," ती म्हणाली.

"धन्यवाद," फोन ताबडतोब म्हणाला. "आपण स्वतः ओथेलिया चिझम बोलत आहात का?"

किपचा नियम जर्लीनला पाठ होता.

मिस ओथेलियाची मान वळली. आधी फोनकडे, मग लेकीकडे, मग पुन्हा फोनकडे. नजर गेली तरी तिच्या कानांना काही झालं नव्हतं. हातातलं हत्यार गवतात अर्धं रुतून थांबलं.

"होय," जर्लीन म्हणाली.

"धन्यवाद. आपलं पूर्ण नाव सांगा."

"ओथेलिया चिझम."

"धन्यवाद, ओथेलिया. आपल्या उपचारांना मंजुरी मिळाली आहे. आपला आवाज आता आमच्याकडे नोंदला गेला आहे. यापुढे आम्ही आपल्याला आपल्या आवाजावरून ओळखू. आपल्या नावानं दुसऱ्या आवाजात फोन आल्यास आपल्या सुरक्षिततेसाठी तो बंद केला जाईल. काळजी घ्या."

'काळजी घ्या' पहिल्याच प्रयत्नात जमलं होतं, ध्वनिमुद्रकानं त्याचं खास कौतुक केलं होतं.

फोन बंद झाला. जर्लीननं तो पुन्हा स्टुलावर ठेवला.

"सुई मिळंल ना?" मिस ओथेलियानं विचारलं.

"मिळंल. सोमवारीच जाऊ."

"बेस झालं." तिनं एक टाका घातला, ओढला. "आन् पुढच्या वरसाला म्या फोन केला तर?"

"बंद हुईल."

"माज्या नावानं म्या केला, तरीबी?"

"मी करीन, आये. दर वरसाला मीच करीन."

"हं," मिस ओथेलिया म्हणाली. "म्हंजे ओथेलिया तू."

आईनं आणखी दोन टाके घातले. टोपली डावीकडे आणखी थोडी उतरली. मग तिनं हत्यार खाली ठेवलं, डोकं जरा कलतं केलं आणि हलक्या आवाजात, घरात परकं माणूस असताना विचारतात तसं, विचारलं.

"गेली का ती?"

जर्लीननं फोनकडे पाहिलं. काच काळी पडली होती. तिनं व्हय म्हणायला तोंड उघडलं.

"होय," ती म्हणाली.

मिस ओथेलियानं मान डोलावली. भिंतीला हात लावत ती उठली आणि स्वैपाकघरात गेली. तांबड्या भाताच्या भांड्यावरचं झाकण वाजलं, कोळंबीचा वास ओसरीपर्यंत आला. जर्लीन दारात जाऊन उभी राहिली. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. आईनं फळीवरून ताटल्या काढल्या आणि एकेक करून मांडल्या. तीन.

डोळ्यामुळे असेल, असं जर्लीननं ठरवलं आणि ती आपल्या जागी बसली.

आईनं तिन्ही ताटल्यांत भात वाढला. तिसरीत जरा जास्तच, पाहुण्याला वाढतात तसा.